पस्तिसाव्या षटकापासून एकच चेंडू : वन-डेच्या बदलत्या नियमांबद्दल तुम्हाला काय वाटतं?

गोदाकाठचा_मध्यमगती

नमस्कार मंडळी,

जुलै २०२५ पासून पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांत चेंडूचा नियम बदलला. पहिली ३४ षटकं पूर्वीसारखेच दोन चेंडू, प्रत्येक टोकाला एक. त्यानंतर क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने त्यातला एक निवडायचा आणि ३५व्या षटकापासून शेवटपर्यंत दोन्ही टोकांकडून तोच वापरायचा. पावसामुळे सामना सुरू होण्याआधीच २५ किंवा त्याहून कमी षटकांचा झाला, तर सुरुवातीपासून एकच चेंडू.

बातमी आली तेव्हा फारशी चर्चा झाली नाही, म्हणून हा धागा. माझ्या मते गेल्या पंधरा वर्षांतला हा सगळ्यात चांगला बदल आहे, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये दोन नवे चेंडू आणले तो सगळ्यात वाईट.

कारण साधं आहे. दोन चेंडू असले की डाव संपताना प्रत्येक चेंडू जेमतेम २५ षटकं जुना असतो. टणक असतो, बॅटवर छान येतो, चकाकी पुरती गेलेली नसते. रिव्हर्स स्विंगला एक बाजू खडबडीत आणि कोरडी, तर दुसरी घासून गुळगुळीत ठेवलेली लागते. तसं झालं की चेंडू नेहमीच्या उलट, चकाकीच्या बाजूला वळतो. ती वेळच येत नव्हती. सचिनने २०१८ मध्ये उघडपणे म्हटलं होतं की दोन नवे चेंडू म्हणजे अनर्थाला निमंत्रण आहे, चेंडूला रिव्हर्स होण्याइतकं जुनं होऊच दिलं जात नाही. वकार युनूसने त्याला दुजोरा दिला. त्याच आठवड्यात इंग्लंडने नॉटिंगहॅमला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४८१ केल्या होत्या.

आता निवडलेला चेंडू ३४ षटकांनंतर १७ षटकं जुना असेल आणि पुढची १६ मिळून डावाच्या शेवटी ३३. फरक मोठा आहे. मी नाशिकला क्लब क्रिकेटमध्ये वीस वर्षं मध्यमगती गोलंदाजी केली. तिसाव्या षटकानंतरचा मऊ चेंडू हातात आला की फलंदाजाचा चेहरा बदलतो, हे मी स्वतः पाहिलंय.

तुम्ही क्रिकेट बघायला लागल्यापासून कोणता नियम चांगला झाला, कोणता वाईट? जरा सविस्तर लिहा.

लेगबाय

शंभर टक्के अनुमोदन. चौथ्या दिवशीच्या पोळीसारखा चेंडू हवा, तुटतही नाही आणि गिळवतही नाही.

सिडनी_हिल

गोदाकाठ, मुद्दा चांगला आहे, पण एक आठवण करून देतो. १९९२च्या विश्वचषकातसुद्धा दोन नवे पांढरे चेंडू होते, प्रत्येक टोकाला एक. आणि त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मेलबर्नला वसीम अक्रमने लागोपाठच्या दोन चेंडूंवर अ‍ॅलन लॅम्ब आणि ख्रिस लुईसच्या दांड्या गुल केल्या. ते ३५वं षटक होतं, म्हणजे चेंडू सतरा-अठरा षटकांचाच. तरीही जो वळला तो वळला.

म्हणून सगळं खापर दोन चेंडूंवर फोडू नका. पाटा खेळपट्ट्या, जवळ आणलेल्या सीमारेषा आणि जाड कडांच्या बॅटी, हे तीन आरोपी मोकाट फिरतायत.

गोदाकाठचा_मध्यमगती

सिडनी_हिल, हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. मान्य. पण अक्रमवरून नियम ठरवायचा का? तो तर सुपारीही वळवेल. साध्या, मेहनती गोलंदाजाला मदत कधी मिळते, हा माझा प्रश्न आहे. मेलबर्नच्या सीमारेषा केवढ्या लांब होत्या तेही आठवा. तिथे चुकलेला यॉर्कर चौकार जायचा, आज षटकार जातो.

दूरदर्शन_८३

वय वर्षं ७१, त्यामुळे थोडं लांबेल.

आमच्या वेळी ६० षटकं असायची, पांढरे कपडे, लाल चेंडू, आणि कसोटीसारखं मध्ये जेवण. १९७५, १९७९ आणि १९८३ हे तिन्ही विश्वचषक ६० षटकांचे. भारतात १९८७ला स्पर्धा आली तेव्हा ५० झाली, कारण आपल्याकडे इंग्लंडसारखा रात्री नऊपर्यंत उजेड नसतो. सुनील गावसकरने १९७५मध्ये लॉर्ड्सवर १७४ चेंडूंत नाबाद ३६ केल्या, त्यावरून आजही नातवंडं मला छेडतात. पण त्या दिवशी हा खेळ नेमका कसा खेळायचा हेच कोणाला उमगलेलं नव्हतं. आपला पहिला एकदिवसीय सामनाच १९७४चा, वाडेकर कर्णधार असतानाचा.

माझ्या लेखी सगळ्यात मोठा नियम म्हणजे तीस यार्डांचं वर्तुळ, म्हणजे ठरावीक क्षेत्ररक्षकांना ज्याच्या आतच उभं राहावं लागतं ती रेघ. नव्या पिढीला ते जन्मापासून असल्यासारखं वाटतं. नोव्हेंबर १९७९, सिडनी, इंग्लंड विरुद्ध वेस्ट इंडीज. शेवटच्या चेंडूवर विंडीजला तीन धावा हव्या होत्या. माइक ब्रियर्लीने यष्टिरक्षकासकट सगळ्यांना सीमारेषेवर पाठवलं! नियमात बसत होतं, म्हणून केलं. सामना जिंकले, पण प्रेक्षकांनी काय बघायचं? वर्तुळ आलं आणि हा प्रकार थांबला.

तसंच १ फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. न्यूझीलंडला बरोबरीसाठी शेवटच्या चेंडूवर सहा हव्या होत्या, आणि ग्रेग चॅपेलने धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू जमिनीवरून सरपटत टाकायला सांगितलं. त्यानंतर अंडरआर्म गोलंदाजीवर बंदी आली. वाईट वागण्यातून चांगले नियम आले, दोन्ही वेळा.

चौथी_स्लिप

काका, तुमचा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका, खरंच. केरी पॅकरबद्दलही लिहा. रंगीत कपडे, पांढरा चेंडू, दिव्यांच्या उजेडातले सामने हे सगळं त्याच्या १९७७ ते ७९च्या मालिकेतून रुजलं. तेव्हा सर्कस म्हणून हिणवलं गेलं, आणि आज तेच क्रिकेट आहे.

जामठा_गेट_नं_४

आमच्या नागपूरचं ऐका जरा. १२ मार्च २०११, जामठा, भारत वि. दक्षिण आफ्रिका. मी आणि माझा मोठा भाऊ सकाळपासून वर्धा रोडवर गर्दीत अडकलो होतो. कसेबसे आत पोचलो. सेहवाग ७३, गंभीर ६९, तेंडुलकर १११. काय बाप्पा धुलाई होती ती! चाळिसाव्या षटकात आपण १ बाद २६७. बाजूचे काका म्हणाले, आज चारशे पक्के.

मग आला तो बॅटिंग पॉवरप्ले. फलंदाजी करणाऱ्या संघाने आपल्या मर्जीने पाच षटकं निवडायची, त्यात क्षेत्ररक्षक आत. सगळे मारायला गेले आणि सगळेच गेले. ९ बाद झाले २९ धावांत. सर्वबाद २९६. डेल स्टेनने पाच घेतले. शेवटच्या षटकात आफ्रिकेला १३ हव्या होत्या, नेहराच्या पहिल्या दोन चेंडूंवर पीटरसनने चौकार आणि षटकार मारला. परतताना कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

२०१५मध्ये हा बॅटिंग पॉवरप्ले काढला, तेव्हा मला लई आनंद झाला. चांगली जमलेली लय मोडायचा तो नियम होता.

तिरपी_बॅट

जामठा, दुःख समजू शकतो, पण मला उलट वाटतं. तो नियम उत्तम होता. कर्णधाराला डोकं लावायला लागायचं, कधी घ्यायचा, कोण क्रीजवर असताना घ्यायचा. त्या दिवशी चूक पॉवरप्लेची नव्हती, नवा फलंदाज आल्या आल्या उंच मारत होता ती होती. आता दहा, तीस, दहा असे ठरलेले तुकडे : पहिल्या दहात दोन बाहेर, पुढच्या तीसमध्ये चार, शेवटच्या दहात पाच. सगळं घड्याळावर चालतं.

जामठा_गेट_नं_४

तुम्ही स्टेडियममध्ये असते तर असं म्हटलं नसतं 🙂

मधली_यष्टी

मला ऑक्टोबर २०१२चा नियम सगळ्यात जास्त खुपला, आणि त्याबद्दल कोणी बोलतच नाही. मधल्या षटकांत वर्तुळाबाहेर फक्त चार क्षेत्ररक्षक. आधी पाच असायचे. तो एक माणूस आत आला आणि बदली गोलंदाज नावाची जमात संपली.

विचार करा. सचिनच्या वन-डेत १५४ विकेट आहेत. गांगुलीच्या १००. युवराजच्या शंभराच्या वर, आणि २०११च्या विश्वचषकात एकट्याने १५. १९९३च्या हीरो कपच्या उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर शेवटच्या षटकात आफ्रिकेला सहा हव्या असताना अझरने चेंडू सचिनच्या हातात दिला आणि त्याने तीनच दिल्या. मऊ झालेला चेंडू, सीमेवर पाच जण, आणि हळू टाकणारा माणूस. या तिघांच्या जोरावर मधली वीस षटकं निघायची. त्यातच एकदिवसीय सामन्याची खरी चव होती, एक-दोन धावा, दाबून ठेवणं, चिडून मारलेला फटका.

दोन नवे चेंडू आणि चारच बाहेर, हे दोन्ही एकत्र आल्यावर काय झालं ते २०१३च्या ऑस्ट्रेलिया मालिकेत दिसलं. जयपूरला ३६० धावांचं लक्ष्य आपण ४३.३ षटकांत गाठलं. एकच गडी गमावून! कोहलीचं शतक ५२ चेंडूंत. नागपूरला ३५१चा पाठलागही झाला, जामठाला आठवत असेल. बंगळुरूला रोहितच्या २०९. मी आनंदाने नाचलो, खोटं कशाला बोलू. पण गोलंदाजांचे चेहरे बघवत नव्हते. २०१५मध्ये शेवटच्या दहा षटकांत पाचवा माणूस परत बाहेर गेला, तो निम्मा न्याय. उरलेला निम्मा आता एका चेंडूने मिळतोय.

जामठा_गेट_नं_४

आठवतो ना. त्या ३५१ने २०११ची थोडी भरपाई झाली.

पुणे_५२

मधली_यष्टी यांच्याशी सहमत, आणि आमच्या केदार जाधवचं नाव घ्यायलाच हवं. दोन चेंडूंच्या जमान्यातही हात जवळजवळ जमिनीला समांतर करून तो विकेट काढायचा. जानेवारी २०१७मध्ये गहुंजेला इंग्लंडच्या ३५० धावांचा पाठलाग करताना त्याने १२० केल्या, कोहलीने १२२. आधी ४ बाद ६३ होती! मी त्या रात्री गहुंजेहून दीडेक वाजता घरी आलो, तरी झोप नाही. असे पाठलाग टणक चेंडूमुळे शक्य झाले असतील तर तो चेंडू इतका वाईट कसा म्हणू?

गोदाकाठचा_मध्यमगती

पुणे_५२, पाठलाग बघायला मलाही आवडतात. पण ३५०चा पाठलाग वर्षातून एकदा झाला की सणासारखा वाटतो, दर महिन्याला झाला की काय?

अनंतपंच

मी जिल्हा पातळीवर बारा वर्षं पंचगिरी केली. काही गोष्टी पंचाच्या नजरेतून.

पहिली, जुन्या पांढऱ्या चेंडूची खरी अडचण रंगाची आहे. पांढऱ्या चेंडूवरचा वरचा थर घासला गेला की तो मातकट होतो आणि दिव्यांच्या उजेडात फलंदाजाला नीट दिसत नाही. म्हणून तर ऑक्टोबर २००७पासून ३४ षटकांनंतर चेंडू सक्तीने बदलायचे आणि वापरलेला पण स्वच्छ चेंडू द्यायचे. २०११च्या विश्वचषकात झहीरने २१ बळी घेतले ते याच नियमात. पुढे दोन चेंडू आणले ते याच अडचणीवरचा उपाय म्हणून. गोलंदाजांना छळायला कोणी ते केलं नव्हतं, हे गोदाकाठ यांनी ध्यानात घ्यावं.

दुसरी, रनर, म्हणजे जखमी फलंदाजाच्या वतीने धावणारा सहकारी. ऑक्टोबर २०११मध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांतून रनर गेला आणि मी देवाचे आभार मानले. तीन फलंदाज मैदानात, कोण कुठे धावतोय, कोण धावचीत, स्क्वेअर लेगला उभं राहून डोकं गरगरायचं. सईद अन्वरने मे १९९७मध्ये चेन्नईला आपल्याविरुद्ध १९४ केल्या तेव्हा बराच वेळ आफ्रिदी त्याच्यासाठी धावत होता. खेळी अद्भुतच होती, पण धावण्याचा थकवा हा फलंदाजीचा भाग आहे की नाही?

लेगबाय

अनंतपंच, त्याला माझं उत्तर : वानखेडे, ७ नोव्हेंबर २०२३. ग्लेन मॅक्सवेल. अफगाणिस्तानविरुद्ध ७ बाद ९१ वरून नाबाद २०१. पायात गोळे आलेले, पाऊल उचलत नव्हतं, रनर नाही. जागेवर उभा राहून मारत होता आणि दुसऱ्या बाजूला कमिन्स नाबाद १२. रनर मिळाला असता तर ती खेळी तशी झालीच नसती.

वरची_आळी

मी तिथे होते! ईस्ट स्टँड. सातवी विकेट पडली तेव्हा अर्धे लोक लोकल पकडायला उठले होते. ज्यांनी ७.५०ची विरार पकडली त्यांना आयुष्यभर हळहळ.

सांगलीची_सलामीवीर

रनर गेला तो खेळाडूला खरी दुखापत झाली तरी गेला, हे मला पटत नाही. मी कॉलेजला असताना घोटा मुरगळला, रनर घेऊन मी ३० काढल्या आणि सामना जिंकला. गोळे येणं वेगळं, चेंडू लागून बोट मोडणं किंवा पाय सुजणं वेगळं. डोक्याला मार लागला तर बदली खेळाडू चालतो, मग बाकी शरीर काय उधारीचं आहे?

आणि मधली_यष्टी, चौथी_स्लिप, पुणे_५२ कोणीही एक गोष्ट लिहिली नाही. इथे सगळे नियम पुरुषांच्या सामन्यांवरून मोजताय.

चौथी_स्लिप

ताई, खरं आहे. पण द्विशतकाचा विषय निघालाच तर सचिनच्या ग्वाल्हेरच्या नाबाद २०० पासून, २४ फेब्रुवारी २०१०, सुरुवात करावी लागते ना? वन-डेतलं पहिलंच.

सांगलीची_सलामीवीर

बघा, हेच म्हणत होते मी! पहिलं द्विशतक बेलिंडा क्लार्कचं. नाबाद २२९, डेन्मार्कविरुद्ध, १६ डिसेंबर १९९७, महिला विश्वचषक. आणि कुठे? आपल्या मुंबईत, वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर. सचिनच्या बारा वर्षं आधी, त्याच्याच वांद्र्यात. पुरुषांमधलं पहिलं म्हणा, कोणी अडवत नाही.

चौथी_स्लिप

चूक दुरुस्त केली. मी वांद्र्यालाच वाढलो आणि मला हे माहीत नव्हतं. एमआयजीवरून रोज शाळेत जायचो.

पावसाळी_पीच

पावसाच्या नियमाबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही?

२२ मार्च १९९२, सिडनी, उपांत्य सामना. दक्षिण आफ्रिका बंदीनंतर पहिल्यांदा विश्वचषक खेळत होती. १३ चेंडूंत २२ हव्या होत्या. पाऊस आला, बारा मिनिटांचा. नियम असा की पहिल्या संघाची सगळ्यात कमी धावांची षटकं वजा करायची. इंग्लंडची नेमकी तीच षटकं निर्धाव किंवा जवळजवळ तशी होती. मोठ्या फलकावर आकडा आला, एका चेंडूत २२. प्रत्यक्षात २१ होत्या, पण काय फरक पडतो? मॅकमिलनने एक धाव काढली आणि सगळे आत गेले. मी आठवीत होतो, आपला संघ नसूनही रडलो.

त्यानंतर १ जानेवारी १९९७ला हरारेत झिम्बाब्वे-इंग्लंड सामन्यात डकवर्थ-लुईस पहिल्यांदा वापरलं. लोक म्हणतात समजत नाही. पण विचार अगदी साधा आहे : तुमच्याकडे किती षटकं आणि किती विकेट शिल्लक, या दोन्हींची मिळून शिदोरी किती उरली. दहा विकेट हातात असलेली वीस षटकं आणि दोन विकेट असलेली वीस षटकं सारखी नसतात, हे प्रत्येक गल्लीतल्या पोराला कळतं. गणिताने ते मांडलं इतकंच. माझ्या मते वन-डेतला सगळ्यात न्याय्य बदल हाच.

तिरपी_बॅट

न्याय्य असेल, पण तक्ता वाचता यायला हवा! मार्च २००३, डर्बन. पुन्हा बिचारी आफ्रिका. पाऊस वाढत होता, बाऊचरने आधीच्या चेंडूवर षटकार मारला आणि शेवटचा चेंडू शांतपणे अडवला. आत निरोप असा होता की एवढ्या धावा झाल्या की जिंकलो. तो आकडा बरोबरीचा होता. सामना बरोबरीत आणि यजमान स्पर्धेबाहेर. एक धाव!

पावसाळी_पीच

त्यात दोष तक्ता वाचणाऱ्याचा. आणि अभिमानाने सांगतो, केरळचे अभियंता व्ही. जयदेवन यांनी स्वतःची व्हीजेडी पद्धत तयार केली, आपल्या देशांतर्गत स्पर्धांमध्ये ती वापरलीही गेली. या माणसाचं नाव दर पावसाळ्यात निघायला हवं.

वरची_आळी

वाळूच्या वादळाचं काय? शारजा, २२ एप्रिल १९९८. चार षटकं कमी केली आणि लक्ष्य २८५ वरून २७६. चार षटकांच्या बदल्यात नऊ धावा! सचिनने १४३ केल्या म्हणून आपण अंतिम फेरी गाठली.

ऑकलंडचा_भाऊ

इथे ऑकलंडला १५ जुलै २०१९च्या सकाळी साडेसहाला काय वातावरण होतं ते सांगतो. रात्रभर जागून लॉर्ड्सचा अंतिम सामना बघितला. माझ्या घरी शेजारचे दोन किवी कुटुंबवाले आणि आम्ही तीन मराठी घरं. ५० षटकांत बरोबरी. सुपर ओव्हरमध्ये १५-१५, पुन्हा बरोबरी. आणि मग चौकार-षटकार मोजले, इंग्लंडचे २६, न्यूझीलंडचे १७. विश्वचषक दिला.

शेजारचा म्हातारा उठला, पोह्यांची बशी खाली ठेवली, आभार मानले आणि शांतपणे घरी गेला. शिव्या नाहीत, काही नाही. मला त्याचं तसं जाणं आजही आठवतं. आमच्यापैकी एकानेच रागाने रिमोट आपटला, तो कोल्हापूरचा.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयसीसीने तो नियम काढला, आता निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर. चौकार हे धावांचंच एक रूप आहे, ते दोनदा का मोजायचं, हा प्रश्न आधी कोणाला पडला नाही याचंच मला आश्चर्य वाटतं. माझ्या मते हा सगळ्यात वाईट नियम, आणि तो एकदाच पूर्ण लागू झाला, तोही विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात.

दूरदर्शन_८३

त्या म्हाताऱ्याला माझा नमस्कार सांगा.

लेगबाय

सुपरसब विसरलात का सगळे? २००५च्या जुलैत आला, २००६च्या सुरुवातीला गेला. कोणाच्याही जागी फलंदाजी-गोलंदाजी करू शकणारा बारावा खेळाडू नाणेफेकीआधीच जाहीर करायचा, त्यामुळे नाणेफेक जिंकणाऱ्याला बारा आणि हरणाऱ्याला अकराच. नियम करताना हे कोणी कागदावर मांडून बघितलं नाही?

अनंतपंच

मला नॉन-स्ट्रायकरला, म्हणजे गोलंदाजाच्या टोकाला उभ्या फलंदाजाला, धावचीत करण्याबद्दल बोलायचंय. २४ सप्टेंबर २०२२, लॉर्ड्स, झुलन गोस्वामीचा शेवटचा सामना. दीप्ती शर्माने चार्ली डीनला धावचीत केलं आणि जगभर गहजब झाला. डीन चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडत होती. आठवड्याभरात, १ ऑक्टोबरला, हा बाद होण्याचा प्रकार नियमावलीत अनुचित खेळाच्या प्रकरणातून काढून साध्या धावचीतमध्ये घातला. वाक्य कुठल्या प्रकरणात आहे याने एवढा फरक पडतो.

मला चीड येते ती या प्रकाराला पडलेल्या 'मंकडिंग' या नावाची. १९४७मध्ये सिडनीला विनू मंकडने बिल ब्राउनला असं बाद केलं. ब्राउन चोरून पुढे निघत होता आणि त्याच दौऱ्यात आधीही असाच बाद झाला होता. तरी बदनामी कोणाच्या नावाला चिकटली? पंच म्हणून मी तीन वेळा असा बाद दिलाय, तिन्ही वेळा शिव्या खाल्ल्या, तिन्ही वेळा बरोबर होतो.

सांगलीची_सलामीवीर

अनंतपंच, तुमच्यासाठी टाळ्या. दीप्तीला तेव्हा जे ऐकावं लागलं ते मी विसरलेले नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये डी. वाय. पाटीलवर तिने विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्धशतक आणि पाच बळी घेतले तेव्हा मी लॉर्ड्सच आठवत होते.

तिरपी_बॅट

नियमाने बरोबर, पण निदान एकदा ताकीद द्यावी असं मला अजूनही वाटतं. कपिलने १९९२मध्ये पीटर कर्स्टनला बाद केलं ते आधी ताकीद देऊन.

अनंतपंच

यष्टिरक्षक यष्टिचीत करण्याआधी ताकीद देतो का?

पुणे_५२

मूळ विषयावर येतो. एका चेंडूच्या नियमाचं सगळ्यात मोठं वैरी दव आहे. डिसेंबर २०२५, रायपूर. आपल्या ऋतुराजचं पहिलं एकदिवसीय शतक, विराटचंही शतक, ३५८ धावा. तरी आफ्रिकेने शेवटच्या षटकात पाठलाग पूर्ण केला. एकच चेंडू होता ना ३५व्या षटकापासून? ओला झाल्यावर तो जुना काय आणि नवा काय. साबण पकडल्यासारखं होतं. एका टोकाला निदान दुसरा कोरडा चेंडू असता.

मधली_यष्टी

पुणे_५२ यांचा मुद्दा बिनतोड आहे. शिवाय थुंकी! करोनात २०२०ला चेंडूला थुंकी लावायला बंदी आली, २०२२मध्ये ती कायमची झाली. घाम लावता येतो, पण जाणकार गोलंदाज म्हणतात की जडपणा थुंकीनेच येतो. मार्च २०२५मध्ये चॅम्पियन्स ट्रॉफी चालू असताना शमीने जाहीर विनंती केली होती, थुंकी वापरू द्या. आयपीएलमध्ये ती उठवली. आंतरराष्ट्रीय सामन्यांत नाही. म्हणजे चेंडू जुना होऊ दिला, पण त्याला रिव्हर्स करायचं साधन काढून घेतलं.

गोदाकाठचा_मध्यमगती

हे दोन्ही मुद्दे मला मान्य करावेच लागतील. दवाला माझ्याकडे एकच उत्तर, दिवसाचे सामने वाढवा, निदान हिवाळ्यात. सकाळी साडेनऊला सुरू झालेला सामना संध्याकाळी संपायचा आणि जगबुडी होत नव्हती. थुंकीबद्दल शमीच्या बाजूने. अनंतपंचांचा रंगाचा मुद्दाही योग्य. दोन चेंडू आणणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी पुन्हा लिहिणार नाही.

पण मूळ मत बदललेलं नाही. गोलंदाजाला काहीतरी थांबून मिळवायची मुभा हवी.

सिडनी_हिल

गोदाकाठ, मग एक करा ना. तुमचा क्लब रविवारी खेळतो असं तुम्ही दुसऱ्या एका धाग्यावर लिहिलं होतं. हाच नियम लावून बघा आणि इथे सांगा. अक्रम नसताना काय होतं ते कळू दे.

गोदाकाठचा_मध्यमगती

लावतो. चाळीस षटकांचा सामना असतो आमचा, त्यामुळे २६ षटकं दोन चेंडू आणि पुढची १४ एक.

चौथी_स्लिप

धागा बुकमार्क केला. फोटो टाका चेंडूचे.

गोदाकाठचा_मध्यमगती

मंडळी, उशीर झाला, पण कबूल केल्याप्रमाणे वृत्तांत.

काल सकाळी साडेआठला सुरुवात. पांढरे चेंडू, मॅटिंग नाही, मातीची खेळपट्टी. आम्ही आधी फलंदाजी करून १९४. त्यांची २६ षटकांनंतर ३ बाद १३८, म्हणजे १४ षटकांत ५७ हव्या, सात गडी हातात. मी दोन चेंडूंपैकी जास्त खरचटलेला निवडला. आमच्या यष्टिरक्षकाला तो पसंत नव्हता, त्याला दुसऱ्याची शिवण चांगली वाटत होती. पाच मिनिटं वाद.

पहिली पाच षटकं काहीच झालं नाही. ३१ धावा गेल्या. मला वाटलं आता सिडनी_हिल यांना तोंड दाखवता येणार नाही. मग फटके मारताना चेंडू हवेत जायला लागला पण लांब जाईना. मिडविकेटवर दोन झेल, दोन्ही सीमारेषेच्या दहा पावलं आत. आमचा एकोणीस वर्षांचा पोरगा, वेग बरा आहे, त्याला शेवटची चार षटकं ठेवली होती. त्याने एक चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेरून आत आणला, फलंदाजाने सोडून दिला होता. मधली यष्टी गेली. पोराला विचारलं काय केलंस, म्हणाला काही नाही काका, नेहमीसारखाच टाकला.

शेवटच्या षटकात सात हव्या होत्या, दोन गडी शिल्लक. चार दिल्या. दोन धावांनी जिंकलो.

चौथी_स्लिप, चेंडूचा फोटो नाही काढता आला. तो पोरगा घरी घेऊन गेला.